ओढणारी नळी आणि मंदावणारी नाडी

मेंदूवरील शस्त्रक्रिया झाल्यावर टाळूच्या कातडीखाली किंवा कवटीच्या हाडाखाली बारीक छिद्रांची एक मऊ नळी ठेवतात आणि तिचे दुसरे टोक कातडीतून बाहेर काढून एका डब्याला जोडतात. या व्यवस्थेला रुग्णालयाच्या रोजच्या बोलीत ‘ड्रेन’ म्हणतात. जखमेत साचू पाहणारे रक्त आणि पाणी बाहेर काढणे, एवढेच तिचे काम. डबा नुसताच खाटेखाली टांगलेला असेल, तर द्रव आपल्या वजनाने उतरतो. पण डबा आधी दाबून, त्यातली हवा काढून मग नळीला जोडला, तर तो पुन्हा फुगू पाहतो आणि फुगताना द्रव आपल्याकडे ओढून घेतो. या दुसऱ्या प्रकाराला सक्शन ड्रेन म्हणतात, आणि भात्यासारख्या घड्यांचा त्याचा डबा अनेक शल्यगृहांत ‘रोमोव्हॅक’ या व्यापारी नावानेच मागितला जातो. पोटावरच्या किंवा मांडीवरच्या जखमेत ही ओढ सहसा निरुपद्रवी ठरते. कवटीशी तिचा संबंध आला की मात्र क्वचित प्रसंगी तिचा परिणाम थेट हृदयावर दिसतो: ठोके एकाएकी मंदावतात, रक्तदाब खाली येतो, आणि अगदी विरळ प्रसंगी हृदय काही क्षण थांबतेही.

खानदेशात हा विषय आता दूरच्या महानगरांपुरता राहिलेला नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यांपैकी दुसरा पुढे जळगाव-भुसावळवरून जातो, आणि दुचाकी, ट्रॅक्टर व मालमोटारी एकाच रस्त्यावर धावत असल्याने डोक्याला मार लागलेले रुग्ण हा या पट्ट्यातील रुग्णालयांचा रोजचा अनुभव आहे. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने आहे, जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून गावापर्यंत पोहोचते, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा खर्च अनेक शेतकरी कुटुंबांच्या आवाक्यात आला आहे. एके काळी ज्या रुग्णाला मुंबईला नेण्यावाचून गत्यंतर नसे, त्याची कवटी आता जळगाव-धुळ्यातच उघडली आणि मिटवली जाते. म्हणूनच त्या शस्त्रक्रियेचे शेवटचे, वरवर किरकोळ दिसणारे पाऊलही येथील डॉक्टरांनी, परिचारिकांनी आणि सोबतीला बसणाऱ्या नातेवाइकांनी नीट समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

ड्रेन घालणे हीच चूक आहे, असा अर्थ मात्र यातून कोणी काढू नये. वयस्कर माणसाला पडल्यामुळे लागलेला मार कित्येकदा विसरला जातो आणि काही आठवड्यांनी त्याच्या मेंदूवर साकळलेले, पातळ झालेले जुने रक्त दाब देऊ लागते. अशा रुग्णांवरील केंब्रिजमधील एक अभ्यास २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कवटीला भोके पाडून रक्त धुऊन काढल्यावर ज्यांना दोन दिवस ड्रेन ठेवला, त्यांच्यापैकी शेकडा ९.३ जणांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. ज्यांना तो ठेवला नाही, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा २४ होते. सहा महिन्यांतील मृत्यूही ड्रेन ठेवलेल्या गटात निम्म्याहून कमी होते. तेव्हा निचऱ्याचे मोल निर्विवाद आहे, आणि प्रश्न उरतो तो निचरा किती जोराने ओढावा याचा.

तो जोर हृदयापर्यंत कसा पोहोचतो हे कळण्यासाठी कवटीच्या आतील जागेचा हिशेब पाहावा लागतो. कवटी ही प्रौढ माणसात न ताणली जाणारी हाडाची पेटी आहे आणि तिच्यात तीनच गोष्टी राहतात: सुमारे १४०० ग्रॅमचा मेंदू, रक्तवाहिन्यांमधील रक्त, आणि मेंदू व मज्जारज्जू यांभोवती खेळणारे स्वच्छ पाणी, ज्याला मस्तिष्कमेरुद्रव म्हणतात. हा द्रव कोणत्याही क्षणी साधारण १५० मिलिलिटर असतो, पण दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होऊन तितकाच शोषला जातो. एडिंबरोच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि त्यांचे शिष्य जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडलेल्या विचारातून पुढे असा सिद्धांत रूढ झाला की या तिघांपैकी एकाचे आकारमान घटले, तर दुसऱ्याचे वाढलेच पाहिजे, कारण पेटी रिकामी राहू शकत नाही. आडव्या झोपलेल्या निरोगी प्रौढाच्या कवटीतील दाब पाऱ्याच्या ७ ते १५ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, म्हणजे हाताच्या रक्तदाबाच्या तुलनेत अगदीच थोडा.

आता याच्या शेजारी डब्याचा जोर ठेवून पाहावा. दाबून लावलेला भाता पाऱ्याच्या साधारण १०० मिलिमीटरच्या आसपास ओढ निर्माण करतो, आणि कारखान्यातच हवा काढून बंद केलेल्या बाटल्यांची ओढ याच्या कित्येक पट असते. १०० मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे १३६ सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. हाच डबा न दाबता डोक्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर टांगला, तर ओढ २२ मिलिमीटरच्या जवळपास भरते. दोन व्यवस्थांमधला हा फरक धुळे जिल्ह्यातील शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगायला नको. पांझरेच्या काठची फड पद्धत शतकानुशतके चालत आली ती बंधाऱ्यातून पाटात आणि पाटातून शेतात पाणी आपल्या उताराने जाऊ देण्यावर. जमिनीला झेपेल इतकेच पाणी वाहते आणि पाटकरी त्यावर नजर ठेवतो. विहिरीत पंप सोडला की गोष्ट बदलते, कारण झऱ्यातून पाणी किती वेगाने भरते याची पंपाला फिकीर नसते. सक्शन ड्रेन हा कवटीला लावलेला पंप आहे, आणि कवटीतील झऱ्याचा वेग मिनिटाला मिलिलिटरच्या सुमारे एक तृतीयांश इतकाच आहे.

ही सारी ओढ मेंदूपर्यंत पोहोचतेच असे नाही, आणि म्हणूनच बहुसंख्य रुग्णांना काहीही होत नाही. मेंदूभोवती जे जाड, चिवट आवरण असते त्याला दृढावरण किंवा ड्युरा म्हणतात. शस्त्रक्रियेच्या शेवटी ते पाणी न झिरपेल असे शिवले गेले, वर हाड घट्ट बसले, तर डबा फक्त जखमेतले रक्तमिश्रित पाणी ओढतो. पण आवरण फाटलेले असेल, सुजलेल्या मेंदूमुळे मुद्दाम उघडे ठेवलेले असेल, किंवा दोन टाक्यांमध्ये फट राहिली असेल, तर त्या फटीतून मस्तिष्कमेरुद्रव खेचला जातो आणि कवटीतील दाब काही सेकंदांत शून्याखाली जाऊ शकतो. नळी हाडाखाली, दृढावरणाला लागून ठेवलेली असल्यास आवरणावरच थेट ताण येतो.

पुढे काय घडते याबद्दल तज्ज्ञांत एकच एक मत नाही; दोन वाटा सांगितल्या जातात, आणि एकाच रुग्णात दोन्ही उघडण्यास काही अडचण नसावी. पहिली वाट चेतांची आहे. कपाळ, डोळा, गाल आणि जबडा यांची संवेदना मेंदूकडे नेणारी पाचवी शिरोचेता, म्हणजे त्रिशाखी चेता, दृढावरणाच्या मोठ्या भागालाही तंतू पुरवते. डोकेदुखीत प्रत्यक्ष मेंदू दुखत नसून बऱ्याचदा हे आवरण आणि त्यावरील रक्तवाहिन्या दुखतात, ते याच तंतूंमुळे. हे तंतू एकदम ताणले गेले की त्यांचा संदेश मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदूच्या देठात, पोहोचतो आणि तेथून व्हेगस नावाच्या दहाव्या शिरोचेतेला चालना मिळते. व्हेगस ही हृदयाचा लगाम ओढणारी चेता आहे; तिच्या टोकांशी सुटणाऱ्या ॲसिटिलकोलीन या द्रव्यामुळे हृदयातील ठोक्यांचे उगमस्थान संथ होते. या प्रतिक्षिप्त क्रियेला त्रिशाखी-हृदय प्रतिक्षेप म्हणतात. तिचे एक जुने आणि सर्वांत परिचित रूप म्हणजे डोळ्याचा गोळा दाबला असता नाडी मंदावणे, जे १९०८ मध्ये आश्नर आणि डान्यिनी यांनी नोंदवले आणि तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञ आजही नित्य पाहतात. मेंदूच्या तळाशी चालणाऱ्या शस्त्रक्रियांमध्ये हा प्रतिक्षेप घडतो, हे शालर यांनी १९९९ मध्ये नेटकेपणाने मांडले. ठोके आणि सरासरी रक्तदाब शेकडा २० हून अधिक घसरणे ही त्याची तेव्हापासून वापरात असलेली खूण आहे.

दुसरी वाट यांत्रिक आहे. मस्तिष्कमेरुद्रवात तरंगताना १४०० ग्रॅमच्या मेंदूचे भासमान वजन सुमारे ५० ग्रॅमच उरते. पाणी गेले की हा आधारही जातो, मेंदू जागचा सरकतो आणि त्याबरोबर देठ ताणला जातो, ज्यात हृदयगती, रक्तदाब आणि श्वास यांची केंद्रे दाटीने बसलेली आहेत. शिवाय पेटीचा हिशेब पुरा करण्यासाठी पातळ भिंतींच्या नीला फुगतात. मेंदूच्या खोल भागातून रक्त परत आणणारी मोठी नीला जेथे वळण घेते तेथेच ती ओढली जाऊन चिमटते, आणि मग थॅलॅमससारख्या खोलवरच्या केंद्रांतून रक्त बाहेर पडू शकत नाही. जर्मनीतील बॉनच्या फान रोस्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले: शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडलेली, प्राणवायू एक क्षणही कमी पडलेला नाही, तरी रुग्ण शुद्धीवर येत नाही आणि सीटी स्कॅनमध्ये मेंदू जणू प्राणवायूवाचून तडफडला असावा तसा सुजलेला दिसतो. त्यांनी तिला ‘आभासी प्राणवायू-अभावाची सूज’ अशा अर्थाचे नाव दिले आणि तिचे कारण म्हणून सक्शन ड्रेनकडे बोट दाखवले.

हृदयावरील परिणामांची नोंद त्याआधीच झाली होती. स्पेनमधील मुर्सिया येथील डॉक्टरांनी १९९८ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ अनॅस्थेशिया’मध्ये, दृढावरणाबाहेर ठेवलेल्या नळीला ओढ लावताच काही रुग्णांचे ठोके आणि रक्तदाब घसरल्याचे लिहिले. भारतात नवी दिल्लीच्या एम्समधील भूलतज्ज्ञांनी २००६ मध्ये, कवटी मिटवताना टाळूच्या कातडीखालील नळीला ओढ लावल्यावर नाडी मंदावल्याचा प्रसंग प्रसिद्ध केला. नळी हाडाच्या वर असूनही असे घडू शकते, हा त्या नोंदीतील महत्त्वाचा धडा. २०११ मध्ये ‘न्यूरोसर्जरी’ या नियतकालिकात आणखी गंभीर प्रसंग आला: अशाच नळीमुळे रक्ताभिसरण कोसळले आणि कवटीत एकाहून अधिक ठिकाणी रक्त साकळले. नोंदी थोड्या आहेत, यावरून घटनाही तितक्याच थोड्या असतील असे मानणे धाडसाचे ठरेल, कारण क्षणभर मंदावून सावरलेली नाडी कोणी नियतकालिकाला कळवत बसत नाही.

या विषयातली खरी अडचण निदानाची आहे. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची नाडी मंदावली की प्रत्येक डॉक्टरच्या मनात प्रथम मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांचे नाव येते. बर्नमध्ये शल्यविशारद कोखर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करताना कुशिंग यांनी दाखवून दिले, आणि १९०१ पासून ते पाठ्यपुस्तकांत आहे, की कवटीतील दाब फार वाढला आणि मस्तिष्कस्तंभाला रक्त पुरेनासे झाले की शरीर रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब चढवते आणि चढलेल्या रक्तदाबाला उत्तर म्हणून नाडी मंदावते. याला कुशिंग प्रतिक्षेप म्हणतात, आणि त्याचा अर्थ ‘आतला दाब ताबडतोब उतरवा’ असा आहे. त्यानुसार मॅनिटॉलची बाटली लावतात, खाटेची डोक्याकडील बाजू ३० अंश वर करतात, पाणी ओढले जाण्याची सोय चालू ठेवतात. सक्शन ड्रेनमुळे मंदावलेल्या नाडीचा अर्थ नेमका उलट असतो: आतला दाब आधीच अति उतरलेला आहे. तेथे मॅनिटॉल मेंदूतील उरलेसुरले पाणीही काढून घेते, वर उचललेले डोके पाण्याला खाली वाहू देते, आणि चालू राहिलेली ओढ मूळ कारणच पुढे रेटते. एकाच लक्षणावर एकमेकांच्या विरुद्ध असे दोन उपचार असण्याचा हा दुर्मीळ प्रकार आहे, आणि सीटी स्कॅनही नेहमी मदतीला येत नाही, कारण खाली सरकलेला मेंदू आणि सुजलेला मेंदू चित्रात पुष्कळदा सारखेच दिसतात.

भेद ओळखण्याच्या खुणा साध्याच आहेत. कुशिंग प्रतिक्षेपात नाडी उतरते तेव्हा रक्तदाब चढलेला असतो. सक्शनच्या ओढीत बहुधा दोन्ही बरोबरच उतरतात. पहिला मिनिटा-तासांत साकारतो. दुसरा डबा जोडल्याच्या क्षणाला चिकटलेला असतो. म्हणून डबा केव्हा जोडला हे माहीत असणे कोणत्याही यंत्राच्या आकड्याइतकेच मोलाचे आहे, आणि शल्यगृहात नेमके तेच नजरेतून सुटते. शस्त्रक्रियेच्या अखेरीस शल्यविशारद डोक्यावर पट्टी बांधत असतो, भूलतज्ज्ञ स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा उतारा म्हणून निओस्टिग्मिन देत असतो, आणि हे औषध स्वतःच नाडी मंदावते. त्यापूर्वी दिलेले फेंटॅनिलही तेच करते. त्याच अर्ध्या मिनिटात कोणी न बोलता भाता जोडला, तर घसरलेल्या नाडीचा दोष औषधांवर जातो आणि ओढ तशीच चालू राहते. ‘आता सक्शन सुरू करतो’ एवढे चार शब्द मोठ्याने उच्चारणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय असून, तो उताऱ्याचे औषध देण्याआधी आणि हृदयालेख समोर असताना योजला तर गोंधळाला जागाच उरत नाही.

नाडी घसरलीच तर पहिले काम हात ड्रेनकडे नेण्याचे: नळी चिमटून डब्याचे झाकण उघडायचे, म्हणजे हवा आत जाऊन ओढ संपते. पुष्कळदा एवढ्यानेच ठोके पूर्वपदावर येतात. न आल्यास ॲट्रोपीन देतात, जे व्हेगसचा प्रभाव रोखते. भारतात त्याची कुपी सहसा ०.६ मिलिग्रॅमची मिळते. शिरेतून सलाइन वाढवणे, खाट सपाट करणे किंवा डोक्याची बाजू किंचित खाली घेणे हे पुढचे टप्पे, आणि हृदय थांबल्यास छातीदाब अर्थातच सर्वांआधी. ॲट्रोपीन देऊन ओढ मात्र तशीच ठेवणे हे घंटा वाजते म्हणून घंटेला फडके गुंडाळण्यासारखे आहे.

शल्यगृहाबाहेर धोका संपतो असे नाही, कारण भाता भरला की तो रिकामा करावा लागतो, आणि रिकामा करून पुन्हा दाबून लावणे म्हणजे ओढीचा पहिला क्षण पुन्हा घडवणे. हे काम अतिदक्षता कक्षात, बरेचदा रात्रपाळीच्या परिचारिकेच्या हातून होते. शल्यविशारदाने अर्धाच दाब ठेवा किंवा दाबूच नका असे सांगितले असेल आणि ते केसपेपरवर लिहिलेले नसेल, तर सवयीने भाता पूर्ण दाबला जातो. यात परिचारिकेला दोष देणे अन्यायाचे आहे. सूचना लिहिणे हे सूचना देणाऱ्याचे कर्तव्य आहे. नातेवाइकांनीही, रुग्णाला कूस बदलायला मदत करताना डबा उचलून खाटेवर ठेवणे, किंवा फुगलेला दिसला म्हणून आपणहून दाबणे, कटाक्षाने टाळावे. खानदेशच्या उन्हाळ्यात, जेव्हा जळगावचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, शेतातून किंवा रस्त्यावरून आणलेल्या रुग्णाच्या शरीरातील पाणी आधीच आटलेले असू शकते. अशा माणसाला रक्तदाबाची थोडी घसरणही महागात पडते, आणि सक्शन सुरू करण्यापूर्वी ते पाणी भरून काढणे शहाणपणाचे ठरते.

कवटीचे हाड परत बसवण्याची शस्त्रक्रिया यात वेगळी काढून सांगायला हवी. मेंदूला फार सूज असते तेव्हा हाडाचा तुकडा काढून तो पुष्कळदा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत बसवतात. मधल्या काळात टाळू आत खचलेली असते आणि मेंदू त्या खोलगट जागेला सरावलेला असतो. हाड बसताच त्याखाली मोकळी पोकळी तयार होते, आणि त्या पोकळीला सक्शन लावले की मेंदू वर ओढला जातो. वरकरणी सोप्या अशा या शस्त्रक्रियेनंतर मेंदूला प्रचंड सूज येऊन मृत्यू ओढवल्याचे प्रसंग जगभरच्या नियतकालिकांत आहेत, आणि त्यांपैकी अनेकांत सक्शन ड्रेनवर संशय घेतला गेला आहे. अपघातातून वाचून, चालता-बोलता होऊन, स्वतःच्या पायांनी हाड बसवून घ्यायला आलेल्या माणसाच्या बाबतीत अशी जोखीम पत्करण्याचे कारण नाही. येथे उताराने वाहणारी नळीच योग्य. मणक्याच्या शस्त्रक्रियेतही दृढावरण फाटले असेल तर हेच लागू पडते, कारण कमरेतून ओढलेले पाणी आणि कवटीतले पाणी एकच आहे, आणि अशा ओढीनंतर दूरवर लहान मेंदूत रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत.

उरतो तो रुग्ण हलवण्याचा प्रसंग. धुळे-जळगावात शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या रुग्णाला पुढील उपचारांसाठी नाशिक, मुंबई किंवा चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून छत्रपती संभाजीनगरला न्यावे लागते. धक्क्यांच्या रस्त्यावर, चढउतारांत, डबा कधी डोक्याच्या वर तर कधी फार खाली जातो, आणि रुग्णवाहिकेच्या आवाजात नाडी हाताने मोजणे कठीण असते. निघण्यापूर्वी ओढ काढून टाकून नळी साध्या पिशवीला जोडणे, पिशवी एका ठरावीक उंचीवर बांधणे आणि हृदयालेखाचे यंत्र सुरू ठेवणे एवढे सहज करता येते. सोबतच्या पत्रात औषधांच्या यादीखाली आणखी तीन ओळी असाव्यात: नळी हाडाच्या वर आहे की खाली, दृढावरण पूर्ण शिवले आहे की उघडे, आणि सक्शन शेवटचे किती वाजता लावले व केव्हा काढले.